पोरगी सहा आठवडे चाकणला

धानाची मळणी आटोपली, आता जरा बसायला वेळ मिळतो आहे, म्हणून आज एक राहून गेलेला विषय घेतो. तुमच्यापैकी कोणाचं लेकरू इंजिनीअरिंगला असेल, तर येत्या दोन-तीन महिन्यांत तुमच्या घरी एक शब्द येणार आहे. इंटर्नशिप. आमच्या गटाच्या बैठकीत हा शब्द पहिल्यांदा आला, तेव्हा निम्म्याजणींना वाटलं, ही आणखी एक फी आहे.

फी नाही ती. सुताराकडे पोरगा उमेदवारी करतो ना, तशातलाच प्रकार. कारखान्यात किंवा कार्यालयात काही आठवडे जायचं, काम बघायचं, थोडं हातानं करायचं आणि शिकायचं. कॉलेजच्या अभ्यासात ते धरलं जातं, त्याचे गुण असतात, शेवटी अहवाल लिहून द्यावा लागतो. बहुतेकांची ही वेळ उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मोहफुलं सरतात न सरतात तोच तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो. घरातले सगळे हात पानं तोडायला आणि पुडे बांधायला लागतात. सत्तर पानांचा एक पुडा, रात्री कंदील नाही तर बल्बाखाली बसून बांधायचा. त्यातले दोन तरणे हात कमी झाले तर घराला ते जाणवतं.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. गाव सिंदेवाही तालुक्यातलं, धानाची दोन एकर जमीन. मुलगी हुशार, फीचा प्रश्न फारसा आला नाही. तुम्हाला माहीत असेलच, २०२४-२५ पासून वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण ही माफी शुल्काची. चाकणला सहा आठवडे राहायचं, खायचं, जायचं-यायचं, त्याचं काय? तिथे सगळं अडलं.

त्याआधी एक फसवणूक होता होता राहिली, ती सांगतो. मुलीच्या मोबाईलवर एक संदेश आला होता. घरबसल्या इंटर्नशिप, प्रमाणपत्र हमखास, फक्त साडेतीन हजार भरा. ताई खूश झाल्या. पोरगी घरीच राहील, पानंही तोडेल आणि कागदही मिळेल. पैसे काढायला त्या गटाकडे आल्या, तेव्हा आमच्या हिशोबनीस म्हणाल्या, "काम शिकवणारा पैसे कशाचे मागते?" मुलीनं कॉलेजातल्या सरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, असला कागद आम्ही धरत नाही. आता, पैसे घेऊन काही शिकवणारे सगळेच खोटे असतात असं आम्ही म्हणत नाही. पण तो क्लास झाला. ज्याला क्लास लावायचा त्यानं लावावा, इंटर्नशिप समजून पैसे भरू नयेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं, म्हणजे एआयसीटीईचं इंटर्नशिपचं पोर्टल आहे, तिथे विद्यार्थ्याला नोंदणीचे पैसे पडत नाहीत. आधी कॉलेजात विचारायचं, मग पोर्टल बघायचं, आणि कोणी पैसे मागितले की गटात येऊन सांगायचं, असं आम्ही तेव्हापासून ठरवलं आहे.

मग कॉलेजच्या ओळखीनं चाकणचा कारखाना मिळाला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. महिन्याला सहा हजार विद्यावेतन, पण ते शेवटी बँकेत जमा होणार. खर्च मात्र आधी. खोलीची अनामत, जेवणाचं आगाऊ, जाड बूट, प्रवास. ताईंनी गटाकडे १५ हजार मागितले.

त्या दिवशीची बैठक आमच्या लक्षात आहे. आपण कर्ज कशाला देतो? शेळीला, बियाण्याला, किराणा दुकानाला, दवाखान्याला, लग्नाला. या कारणाला रजिस्टरमध्ये रकानाच नव्हता. एक जण म्हणाल्या, यातून उत्पन्न काय येणार? दुसऱ्या म्हणाल्या, पोरगी तिकडेच राहिली तर? तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांत वयस्क बाई बोलल्या, "लेकीच्या लग्नाले देतो, त शिकाले काहून नाही?" दोघींची मतं विरोधात राहिली, तीही आम्ही लिहून ठेवली. कर्ज मंजूर झालं, शेकडा दीड रुपया व्याजानं, परतफेड तेंदूपत्त्याच्या पैशातून आणि विद्यावेतनातून.

मे महिन्याच्या शेवटी, उन्हाची काहिली असताना, सिंदेवाहीहून एस.टी.नं नागपूर आणि तिथून महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुणे. वडील सोडायला गेले, खोली बघून परत आले. सुरुवातीला रोज संध्याकाळी फोन यायचा. सगळं बरं आहे, जेवण बरं आहे, मशीन खूप मोठ्या आहेत. आम्हीही निश्चिंत.

तीन आठवड्यांनी कळलं की सगळं बरं नव्हतं. पहिले आठ दिवस तिला कोणी कामच दिलं नाही. एका टेबलाशी बसवून जुने कागद लावायला सांगितले. सोबतच्या मुलांना मशीनवर नेलं, हिला म्हणाले, तू मुलगी आहेस, ग्रीसमध्ये हात कशाला घालतेस. मग तिनं मागून मागून मशीनचं काम मिळवलं, तर ते दुसऱ्या पाळीत. सुटायला रात्रीचे अकरा. कंपनीची बस मोठ्या रस्त्यापर्यंतच, पुढे दीड किलोमीटर अंधारात चालत. दहा दिवस ती अशी चालत होती आणि फोनवर म्हणत होती, सगळं बरं आहे.

ताईंना हे तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. त्या रडत आल्या, आजच तिला बोलावून घेते म्हणाल्या. आमच्याही तोंडून पहिल्यांदा हेच निघालं, परत ये म्हणावं. फोन लावला. मुलगी गप्प. मग म्हणाली, "म्हणूनच मी सांगत नव्हती. काही सांगितलं का तुम्ही म्हणाल, परत ये."

मैत्रिणींनो, हे वाक्य आम्हाला फार लागलं. आपण समजत होतो, पोरगी आपल्याशी मोकळी आहे. पण आपल्याकडे एकच उत्तर आहे हे तिला ठाऊक होतं. अडचण सांगितली की शिक्षण थांबणार, म्हणून ती अडचणच सांगत नव्हती. म्हणजे तिला सुरक्षित ठेवायच्या आपल्या घाईनंच तिला अंधारात एकटं चालायला लावलं होतं.

त्या संध्याकाळी ताईंनी तिला शब्द दिला. ती स्वतः म्हणत नाही तोवर परत ये म्हणणार नाही, पण तिनं खरं काय ते सांगायचं. सोपं नव्हतं ते. ताई दोन रात्री झोपल्या नाहीत. मग एकेक गोष्ट झाली. मुलीनं कॉलेजातल्या सरांना फोन केला. सर कारखान्यात बोलले. बायकांना रात्रीच्या कामाला ठेवायचं तर त्यांची संमती लागते आणि त्यांच्या सुरक्षित येण्याजाण्याची व्यवस्था मालकानं बघायची असते. दोन दिवसांत तिची पाळी बदलून सकाळची झाली. आणि ताईंनी तिला आपल्या इकडचीच एक गोष्ट सांगितली. मोहफुलं वेचायला पहाटे एकटीनं जात नाही ना आपण? वाघाच्या भीतीनं चौघी-पाचजणी आवाज करत जातो. तसंच तिथेही कर. तिनं त्याच वस्तीत राहणाऱ्या दोन कामगार मुली शोधल्या. तिघी मिळून बसपर्यंत जाऊ लागल्या.

कायद्याचंही इथेच सांगून टाकतो, कारण आम्हालाही ते तेव्हाच कळलं. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. तो फक्त पगारी नोकरदार बाईसाठी आहे असा आमचा समज होता. तसं नाही. शिकाऊ म्हणून आलेली मुलगीही त्यात येते, तिला पैसे मिळोत न मिळोत. जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची. मुलगी जाण्याआधीच विचारून ठेवा, समितीत कोण आहे आणि तिचा फलक कुठे लावला आहे. ११२ आणि १८१ हे दोन नंबर तर तिच्या आणि तुमच्या दोघींच्याही फोनमध्ये हवेतच.

पुढच्या बैठकीत आम्ही गटाला एक जुनी हकीकत सांगितली, तुम्हीही ऐका. मद्रासकडची ए. ललिता नावाची बाई. जन्म १९१९ चा. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी नवरा गेला, मांडीवर चार महिन्यांची मुलगी. त्या काळी विधवेचं जिणं काय होतं ते आपल्या आज्यांना विचारा. वडील स्वतः इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत, त्यांनी तिला तिथेच, गिंडीच्या कॉलेजात, विजेच्या अभ्यासक्रमाला घातलं. १९४३ मध्ये ती पदवीधर झाली. आणि तिलाही प्रत्यक्ष कामाचं शिक्षण घ्यावं लागलं. ते तिनं वर्षभर बिहारातल्या जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात घेतलं. मद्रास कुठे आणि बिहार कुठे!

हे ऐकून आमच्या वयस्क बाईंनी एकच विचारलं, "लेकराले कोण पाहे?" शिकायला आई वसतिगृहात होती तेव्हा मुलगी नातेवाइकांनी सांभाळली. बाई म्हणाल्या, मग अर्धी इंजिनीअर ती सांभाळणारी. आम्ही हसलो, पण बोलणं खोटं नव्हतं. त्या सहा आठवड्यांत ताईंच्या घरची पानं तोडायला आमच्यातल्या दोघी पाळीपाळीनं जात होत्या. ते कुठल्या रजिस्टरमध्ये नाही.

पुण्याच्या लीला पूनावाला यांचं नावही मुलींना सांगा. १९६७ मध्ये पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून त्या मेकॅनिकल शिकून निघाल्या, शिकाऊ म्हणून कारखान्यात लागल्या आणि पुढे एका मोठ्या कंपनीच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या नावाच्या फाउंडेशनतर्फे मुलींना शिष्यवृत्त्या मिळतात, आपल्या विदर्भातही. कॉलेजात चौकशी करा.

मुलगी जुलैच्या सुरुवातीला परतली. इकडे पऱ्हे वर आले होते, रोवणी तोंडावर. आली ती हातावर दोन भाजल्याचे डाग आणि वजन कमी, ताई आधी रागावल्या, मग भाकरी टाकायला बसल्या. तिथे काय शिकलीस विचारलं तर पहिले दोन दिवस ती फक्त मापांबद्दल बोलत होती. केसाहून बारीक फरक मोजायचं यंत्र, एक भाग चुकला तर पेटीभर माल परत, असं काय काय. आम्हाला सगळं समजलं असं नाही.

समजलं ते चक्कीपाशी. आमच्या गटाची पिठाची चक्की आहे. तिचा पट्टा दर तीन-चार महिन्यांनी तुटायचा. मिस्त्री यायचा, नवा पट्टा घालायचा, पैसे घेऊन जायचा. पट्टेच हलके येतात, असं त्याचं म्हणणं. मुलीनं आधी मेन स्विच बंद केला. मग एक सुतळी मागितली आणि मोटरच्या चाकापासून चक्कीच्या चाकापर्यंत कडेला ताणून धरली. म्हणाली, बघा. एका चाकाला सुतळी टेकत होती, दुसऱ्यापाशी बोटभर अंतर. दोन्ही चाकं एका रेषेत नव्हती. पट्टा तिरपा धावायचा, एका कडेनं घासायचा आणि तिथूनच फाटायचा. मोटरचे बोल्ट सैल करून तिनं ती सरकवली, पुन्हा सुतळी लावली, पुन्हा सरकवली. तासाभराचं काम. इतकी वर्षं त्या चक्कीशी आम्ही रोज उभ्या होतो.

कर्जाचे पैसे दिवाळीच्या आधी फिटले. ज्या दोघींनी विरोध केला होता त्यातल्या एकीनं आता स्वतःच्या मुलासाठी विचारलं आहे. रजिस्टरमध्ये नवा रकाना आखला आहे, शिक्षणासाठी बाहेरगावी जाणं. तुमच्या गटानं आखला नसेल तर आत्ता आखा. जागा शोधणं जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतं, मे महिन्यात पैसे मागितले तर उपयोग नाही.

आणि एक नवंच प्रकरण आमच्यापुढे आलं आहे. शेजारच्या गावच्या एका ताईंची मुलगी खाण अभियांत्रिकी शिकते. तिला येत्या उन्हाळ्यात भूमिगत कोळसा खाणीत शिकायला जायचं आहे. आपल्या जिल्ह्यात खाणी कमी आहेत का, घरून रोज जाता येईल. पण जमिनीखाली! १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना खाली कामाला मनाई होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं ती शिथिल केली आणि तांत्रिक, देखरेखीच्या कामासाठी दिवसा खाली जायला बायकांना परवानगी मिळाली. मुलगी तो कागद घेऊन फिरते आहे. आई म्हणते, कायद्यानं हो म्हटलं, मी नाही म्हटलं. आमच्यातही एकमत नाही. मंगळवारच्या बैठकीत दोघी मायलेकींना बोलावलं आहे, आणि चाकणला जाऊन आलेलीही येणार आहे.