द्राक्षाचे पान आणि पाण्याची पेन्सिल



आपल्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षाचा वेल न पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही. पण त्याच माणसाच्या हाती कागद-पेन्सिल देऊन म्हणा, "घ्या, वेलाची एक फूट काढून दाखवा," की त्याची पंचाईत होते. पानाला कोने किती? बाळी नेमकी कोठून निघते? रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू आपण पाहिलेलीच नसते, हे तेव्हा कळते. ही पंचाईत माझीच झाली, तीच हकीगत आज सांगतो.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. फळ्यावर आकृत्या काढण्यात बरीच वर्षे गेली. चाळिशी उलटल्यावर हौस म्हणून जलरंगी पेन्सिलींची बारा रंगांची पेटी घेतली आणि दिंडोरीकडच्या एका बागेत जाऊन बसलो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतरची कोवळी फूट होती. तासाभरात चित्र झाले, मला ते आवडलेही! इतक्यात बागेतले एक वडीलधारे बाबा डोकावले. म्हणाले, "सर, चित्र झ्याक आहे. पण ही बाळी तुम्ही पानाच्या बगलेत काढली. बगलेत डोळा असतो. बाळी पानाच्या समोरून निघते."

मी वेलाकडे पाहिले. बाबांचेच खरे होते. पुस्तकात हे मी कैकदा वाचले होते, वर्गात सांगितलेही होते. हाताला मात्र ते ठाऊक नव्हते. मग मी पुन्हा कागद घेतला आणि पेरे मोजत बसलो. खालची काही पाने सोडली, की दोन पेऱ्यांवर पानासमोर घड किंवा बाळी आणि तिसरा पेरा मोकळा, असा क्रम दिसू लागला. घड आणि बाळी एकाच जागी का? कारण मूळ अवयव एकच. डोळ्यात घडाची घडण होत असताना ऊन आणि अन्न कमी पडले, तर घडाऐवजी बाळी होते. 'घड बाळीवर गेला' असे आपले बागाईतदार म्हणतात, त्यात केवढे शास्त्र आहे पाहा! चित्र काढण्याचा खरा फायदा हाच. चित्र चुकले की आपले पाहणे कोठे चुकले ते कळते.

आता या पेन्सिलीविषयी. साध्या रंगीत पेन्सिलीत रंग मेणात बांधलेला असतो, त्यावर पाणी फिरवून काही होत नाही. जलरंगी पेन्सिलीत तो पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यात बांधतात. म्हणून आधी पेन्सिलीने रंगवावे आणि मग ओला कुंचला फिरवावा, की रेघांचा रंग पसरतो. स्वित्झर्लंडमधल्या कारान दाश कंपनीने १९३१ साली अशी पेन्सिल बाजारात आणली. शिकणाऱ्याला ती सोयीची, कारण रेघ आपल्या ताब्यात राहते.

करावे कसे? फांदी पाण्याच्या पेल्यात उभी करा आणि पहिली दहा मिनिटे नुसते पाहा. पानाची लांबी-रुंदी दोऱ्याने मोजा. साध्या पेन्सिलीने फिकी बाह्यरेषा काढा. आधी पिवळा, त्यावर हलका निळा द्या. दोन्ही मिळून जिवंत हिरवा होतो. नुसता पेटीतला हिरवा घासला तर पान पत्र्याचे दिसते. जिथे ऊन चमकते तिथे कागद कोराच ठेवा. कुंचला ओलसर हवा, निथळता नको, आणि तो फिक्या भागाकडून गडद भागाकडे न्यावा. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. पेन्सिल दाबून ओढू नका. दाबलेली रेघ पाण्यानेही जात नाही. कागद जाड घ्या, वहीचा कागद फुगतो. शेवटी तारीख, गाव आणि झाडाचे आपल्या बोलीतले नाव लिहा.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत १८४७ ते १८५० या काळात, डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली, दीडशेहून अधिक वनस्पतिचित्रे तयार झाली. आज ती एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. काढणारा चित्रकार पोर्तुगीज-हिंदी होता, एवढेच कळते. नाव गेले, पाने-फुले राहिली.

आणि काम संपलेले नाही. आपल्या अंजनेरीच्या डोंगरावरचे एक कंदीलपुष्प शास्त्राच्या दप्तरात नोंदले गेले २००६ साली. त्याच्या शास्त्रीय नावात अंजनेरीचेच नाव आहे. पायथ्याची गुरे राखणारी पोरे त्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या हिंडत होती. त्यांच्यापैकी कोणी ते फूल पाहिलेही असेल. पण टिपून ठेवायचे असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मात्र अशी दुर्मीळ रोपे उपटून आणू नका. कागद डोंगरावर न्यावा, डोंगर घरी आणू नये.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. मुलांना फळ्यावरचे जास्वंद उतरवून घ्यायला लावू नका. प्रत्येकाला कुंपणावरचे एकेक फूल द्या, पाकळ्या मोजू द्या. एकच पेटी चौघांत फिरली तरी चालेल. चित्र वाकडे आले तर हसू नका, फक्त विचारा, "बाळ, झाडावर असेच आहे का?" मूल पुन्हा झाडाकडे पाहील.

माझे ते चुकीचे चित्र मी फाडले नाही. वर्गात पहिल्या दिवशी तेच दाखवतो आणि बाबांची गोष्ट सांगतो. तुमच्या गावातही असे कोणी बाबा असतीलच. कागद घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसा.