आवाजाच्या पात्या



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, ते आम्हांला गायन शिकवीत. एक हार्मोनियम, एक तंबोरा आणि चाळीस बेसूर मुले असा त्यांच्या तासाचा सरंजाम असे. सारा वर्ग एकदम गाऊ लागला की गुरुजी डोळे मिटून ऐकत आणि मग बोट करून म्हणत, "तिसऱ्या बाकावरचा तू, एकटा गा." ते बोट बहुधा माझ्याकडेच येई. चाळिसांच्या कल्लोळातून एक आवाज नेमका वेचून काढण्याची ती शक्ती मला त्या वयात जादूसारखी वाटे. आजचा माझा विषय त्या बोटाशीच संबंधित आहे. कार्यक्रमपत्रिकेत तो वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने सिंथेसायझर, यूएसबी आणि लिनक्स यांवर बोलावे हा उतारवयातला चळ वाटणे स्वाभाविक आहे. तेव्हा मी ह्या वाटेला कसा लागलो ते आधी सांगतो.

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधासाठी मी धार आणि देवास येथील मराठी घरांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या ह्या घरांतली मराठी दोन-अडीचशे वर्षे माळवीच्या शेजारी नांदली, आणि त्या शेजाराच्या खुणा ओव्यांत जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या बोलण्यात दिसत नाहीत. उसना आणलेला एक कॅसेट रेकॉर्डर घेऊन मी फिरत असे. बाया जाते ओढीत गात आणि मी यंत्र जात्याशेजारी ठेवी. घरी येऊन ऐकावे तो काय, जात्याची घरघर पुढे आणि ओवी मागे! माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात 'अस्पष्ट' हा शब्द किती वेळा आला आहे हे परीक्षकांनी मोजले नाही, ही त्यांची कृपा. मी मात्र तो पुढे अनेकदा मोजला. फितीवर जाते आणि बाई एकाच पट्टीत बसली होती आणि त्यांची ताटातूट करणे कोणालाही शक्य नव्हते.

ह्या ठिकाणी एक शब्द सुचवू इच्छितो. ध्वनिमुद्रणात ज्याला ट्रॅक म्हणतात त्याला आपल्याकडे पथ, मार्ग, पट्टी असे निरनिराळे प्रतिशब्द वापरले जातात. देवासकराला त्याहून जवळचा शब्द ठाऊक आहे: पाती. तुकोजी आणि जिवाजी ह्या दोघा पवार बंधूंच्या वंशजांची दोन संस्थाने ह्या एकाच गावात नांदली, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, पण गाद्या दोन आणि कारभारही दोन. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. बहुपाती मुद्रणाचे तत्त्व हेच आहे. ऐकताना गाव एकच, परंतु प्रत्येक आवाजाचे दफ्तर स्वतंत्र.

गेल्या वर्षी परदेशी असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेच्या संगीतवर्गास एक सिंथेसायझर भेट दिला. स्वीडनमधील इलेक्ट्रॉन कंपनीचे ते डिजिटोन नावाचे, मांडीवर मावेल एवढे यंत्र. कंपनापासून कंपन घडविण्याची जी रीत जॉन चाउनिंग यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे १९६७ च्या सुमारास शोधली आणि यामाहाच्या डीएक्स-७ ने १९८३ पासून घरोघरी नेली, तीच ह्यात आहे. आपल्यापैकी ज्यांना अशी यंत्रे परकी वाटतात त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ सालीच मूग सिंथेसायझर येऊन बसला होता, आणि मुंबईत १९८२ साली चरणजित सिंग यांनी अशाच यंत्रांवर दहा राग वाजवून तबकडी केली होती. असो.

चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या निमित्ताने आम्ही बेत केला तो असा. यंत्राच्या एका भागावर तंबोऱ्यासारखा अखंड स्वर धरावा, दुसऱ्यावर जात्याच्या फेऱ्यासारखा संथ ताल ठेवावा आणि त्यावर देवासच्या एका वृद्ध काकूंनी ओव्या म्हणाव्यात. काकूंचे वय शहाऐंशी. माझ्या प्रबंधाच्या वेळी त्यांच्या सासूबाई गात आणि काकू पलीकडून जात्याला हात देत. मायक्रोफोन लहान मिक्सरमधून यंत्राच्या बाह्य आगमांना जोडला आणि यंत्र यूएसबीच्या तारेने शाळेच्या संगणकाला. शाळेचे संगणक जुने असल्यामुळे संगणकाच्या सरांनी त्यांवर पूर्वीच लिनक्स बसविलेले आहे. तार जोडताच लिनक्सने यंत्र ओळखले. माझा नातू आनंदाने म्हणाला, "आजोबा, काहीच करावे लागले नाही!" काकू चाळीस मिनिटे गायल्या. संध्याकाळी उघडून पाहिले तेव्हा संगणकात दोनच पात्या होत्या, डावी आणि उजवी. स्वर, ताल आणि काकू तिघेही एकत्र कालवलेले. तंबोऱ्याचा स्वर आम्ही हौसेने जरा मोठाच ठेवला होता. पंचेचाळीस वर्षांनी मी पुन्हा जात्याशेजारी यंत्र ठेवले होते.

चूक सर्वस्वी आमची होती, आणि ती कळण्यासाठी यंत्र संगणकाशी कोणत्या भाषेत बोलते हे समजून घ्यावे लागले. यूएसबीच्या तारेवरून ध्वनी कसा न्यावा ह्याचे एक सार्वजनिक व्याकरण आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९८ ची आणि दुसरी २००६ ची. जे यंत्र हे व्याकरण पाळते त्याला वेगळा दुभाष्या लागत नाही. लिनक्समध्ये ध्वनीचा कारभार आल्सा नावाची व्यवस्था पाहते. यारोस्लाव किसेला ह्या चेक गृहस्थाने ती १९९८ मध्ये सुरू केली. दुसऱ्या आवृत्तीचे व्याकरण लिनक्सला २०१० च्या सुमारास अवगत झाले, तर विंडोजला ते उपजत येऊ लागले २०१७ साली. लिनक्स म्हणजे सदैव मागून येणारे गरिबाचे पोर, ही समजूत निदान ह्या बाबतीत खरी नाही.

तर आमच्या यंत्राला दोन भाषा येतात. साध्या मांडणीत ते सार्वजनिक व्याकरण पाळते, परंतु त्या भाषेत ते केवळ अंतिम मिश्रणाच्या दोन पात्या बोलते. मांडणी बदलून ओव्हरब्रिज ही निवड केली की तेच यंत्र बारा पात्या देते: मिश्रणाच्या दोन, सिंथेसायझरच्या चार भागांच्या डाव्या-उजव्या मिळून आठ, आणि बाहेरून आलेल्या आवाजाच्या दोन. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा धरला तर एका पातीस ११.५२ लक्ष बिट लागतात आणि बारा पात्यांस १३८ लक्षांहून अधिक. यूएसबीच्या पहिल्या पिढीची सारी वाट १२० लक्षांची होती, म्हणजे हा बारा बैलांचा तांडा तिच्यावरून गेलाच नसता. दुसऱ्या पिढीची वाट त्याच्या चाळीसपट रुंद आहे. अडचण आता वाटेची नव्हती, भाषेची होती. ही बारा पात्यांची भाषा कंपनीची स्वतःची आहे, आणि तिचा दुभाष्या कंपनीने विंडोज व मॅक यांच्यासाठी तयार केला आहे.

येथे मला मोडीची आठवण झाली. धार आणि देवास संस्थानांचे जुने कागद मोडीत आहेत. त्यांतली भाषा मराठीच, पण लिपी न येणाऱ्याला तो नुसता रेघांचा गुंता. माझ्या तरुणपणी धारेतील एका वृद्ध कारकुनाने मला मोडी शिकविली ती वर्णमालेवरून नव्हे. ज्या पत्राचा मजकूर आधीच ठाऊक आहे असे पत्र ते माझ्यापुढे ठेवीत आणि म्हणत, "इथे 'राजश्री' असलेच पाहिजे, मग हा फराटा काय झाला ते सांग." ओव्हरब्रिजची भाषा लिनक्ससाठी अशीच उलगडली गेली. यंत्रात ठाऊक असलेला आवाज वाजवावा, तारेवरून काय जाते ते टिपावे आणि कोणता आकडा कोणत्या पातीचा हे ताडावे. ह्या उद्योगातून एका प्रोग्रामरने ओव्हरविच नावाची प्रणाली सिद्ध केली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली. तिच्याकडून बारा पात्या जॅक नावाच्या ध्वनिवाटपाच्या व्यवस्थेत येतात आणि तेथून आर्डरसारख्या मुद्रण-प्रणालीत प्रत्येक पाती आपापल्या ओळीत उतरते. जॅक आणि आर्डर ह्या दोहोंचे मूळ कर्ते पॉल डेव्हिस हे एकच गृहस्थ, हेही जाता जाता नोंदवितो.

सांगायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात आमचे तीन दिवस एका क्षुल्लक गोष्टीपायी गेले. लिनक्समध्ये कोणत्या उपकरणाला कोणी हात लावावा ह्याचे नियम असतात. संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याने ओव्हरविच चालविले तर यंत्र सापडे, नातवाने चालविले तर सापडत नसे. युडेव्ह नावाच्या व्यवस्थेत ह्या यंत्रापुरती परवानगीची ओळ घालावी लागते. ती आम्ही पहिल्याच दिवशी घातली होती, पण त्यानंतर तार एकदा काढून पुन्हा जोडावी हे कोणालाच सुचले नाही. संस्थानी कचेरीत वावरलेल्या माणसाला तरी हे कळायला हवे होते: हुकूम निघाला तरी माणूस पुन्हा दारातून आत आल्याशिवाय पहारेकरी त्याला नव्या नजरेने पाहत नाही.

दुसरी अडचण मला अधिक रसाळ वाटली. यंत्राचे घड्याळ वेगळे आणि संगणकाचे वेगळे. दोघेही सेकंदाला ४८,००० नमुने मोजतो म्हणतात, परंतु स्फटिकाच्या घड्याळांत लाखामागे पाचाचा फरक सहज असू शकतो. तेवढ्याने दर सेकंदाला दोन-अडीच नमुने पुढेमागे होतात आणि तासाभरात साडेआठ हजारांवर, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. वर्गातला तंबोरा सकाळी लावला आणि दुपारी तो तसाच आहे असे समजून गायले तर जे होईल ते येथे लयीचे होते. ओव्हरविच दोन्ही घड्याळांवर सतत कान ठेवते आणि आलेले नमुने किंचित ताणून किंवा आवळून संगणकाच्या मापात बसविते. ज्या देवासात कुमार गंधर्व तंबोरे लावीत बसत आणि तार जुळल्याशिवाय गाण्याला हात घालीत नसत, तेथे हे अधिक सांगण्याची गरज नाही. १९४८ साली क्षयाने आजारी होऊन ते येथे आले, गाणे बंद असताना माळव्यातल्या बायांची गाणी ऐकत राहिले आणि त्या धुनांतून त्यांनी धुनउगम राग उभे केले. त्यांच्यापाशी बारा पात्यांचे यंत्र नव्हते, पण कान होते. आम्हा बाकीच्यांना यंत्र लागते.

आणखी एक सूचना, विशेषतः विद्यार्थ्यांसाठी. जॅकमध्ये एका वेळी किती नमुने उचलावेत हे ठरवावे लागते. नातवाने हौसेने ६४ ठेवले आणि जुना संगणक धापा टाकू लागला. मुद्रणात टिकटिक येऊ लागली. १०२४ ठेवल्यास एकवीस सहस्रांश सेकंदांचा विलंब होतो खरा, पण काकू संगणकातून येणारा आवाज ऐकून गाणार नव्हत्या. त्या यंत्राच्या कर्णफोनातून स्वर ऐकत होत्या. मग घाई कोणासाठी? आम्ही १०२४ ठेवले आणि टिकटिक थांबली.

आषाढात काकू पुन्हा आल्या. ह्या वेळी बाराही पात्या उतरल्या. काकू गाऊन उठल्यावर मी भीतभीत विचारले की, चैत्रातल्या त्या माहेरच्या वाटेच्या ओव्या आज राहिल्या काय? त्या हसून म्हणाल्या, "भाऊ, ओवी काय पाढ्यासारखी घोकून ठेवायची असते? त्या दिवशी ती आली, आज ही आली." आयुष्यभर मौखिक परंपरेवर व्याख्याने देणाऱ्या माणसाला हे उत्तर मिळावे, ह्यात न्याय आहे. म्हणजे चैत्रातल्या ओव्या जेथे आहेत तेथेच आहेत, त्या कालवलेल्या दोन पात्यांत.

आजकाल मिश्रणातून आवाज वेगळा काढणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली निघाल्या आहेत. नातवाने त्यांतली एक चालवून पाहिली. कानाला पहिल्यांदा ऐकताना चमत्कार वाटतो. तंबोरा जवळजवळ नाहीसा झाला आणि काकू उरल्या. परंतु एका ओवीत, माझ्या समजुतीप्रमाणे, 'वेळ' आहे की 'वेल' आहे ह्यावर साऱ्या ओवीचा अर्थ फिरतो, आणि नेमका तेथेच ल आणि ळ यांचा सांधा प्रणालीने गुळगुळीत करून टाकला आहे. तिला आवाज ठाऊक आहे, काकू काय म्हणाल्या ते ठाऊक नाही. जे तिला ऐकू आले नाही ते ती अंदाजाने भरते. गाण्याच्या मैफलीस हे चालेल. माझ्या परिशिष्टात तेथे पुन्हा 'अस्पष्ट' असेच लिहावे लागले आहे, कारण मराठीच्या अभ्यासकाने दुसऱ्याचा अंदाज काकूंच्या तोंडी घालणे मला मान्य नाही. मी स्वतः ती जागा चाळीस-पन्नास वेळा ऐकली. सकाळी वेळ वाटते, रात्री वेल.

काकूंना विचारले तर त्या म्हणतात, "म्हटले असेन काहीतरी."

दोन्ही मुद्रणे शाळेच्या संगणकात ठेवलेली आहेत. चहाच्या वेळी शेजारच्या वर्गात तो चालू ठेवण्याची व्यवस्था सरांनी केली आहे. आषाढाच्या मुद्रणात शेवटच्या दोन पात्या सोडून बाकीच्या मिटवा, म्हणजे काकू एकट्या गाताना ऐकू येतील, त्यांच्या बांगड्यांसह. त्यानंतर चैत्राचे मुद्रण लावा. ती ओवी बाराव्या मिनिटाला आहे. माळव्याच्या मराठीत वाढलेले इतके कान आज येथे जमले आहेत, तेव्हा वेळ की वेल, ते ऐकून मला सांगावे. शेजारी एक वही ठेवली आहे.