मतपेटीपर्यंतची वाट



मतदान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शाळेतील मतदान केंद्र, रांग आणि बोटावरची शाई उभी राहते. अमेरिकेतील चित्र निराळे आहे. कोरोनाच्या सावटाखाली २०२० साली झालेल्या निवडणुकीत तेथील शेकडा ४३ मतदारांनी टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर आपला कौल दिला. देशभराच्या निवडणुका घेणारा एकच आयोग तेथे नाही. राज्ये पन्नास, आणि नियमही तितकेच.

ओरेगॉन राज्याने १९९८ मध्ये लोकमत घेऊन ही पद्धत स्वीकारली. तेथे प्रत्येक नोंदणीकृत मतदाराच्या घरी मतपत्रिका येते. ती भरून, लिफाफ्यावर स्वाक्षरी करून तो टपालात किंवा अधिकृत पेटीत टाकायचा. स्वाक्षरी दप्तरातील नमुन्याशी ताडून पाहतात. ती जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी देतात.

मतपत्रिका घरी पोचविणे त्या मानाने सोपे. खरा वाद आहे तो तिच्या परतीच्या वाटेचा.

टेक्सासचे उदाहरण पाहा. तेथे टपाली मतदानाची मुभा प्रामुख्याने ६५ वर्षांवरील, आजारी किंवा अपंग मतदारांना असते. ह्यूस्टन शहर ज्यात येते, त्या हॅरिस काउंटीची लोकसंख्या २०२० साली सुमारे ४७ लाख होती. त्या वर्षी तेथे मतपत्रिका स्वहस्ते जमा करण्यासाठी बारा केंद्रे होती. १ ऑक्टोबरला राज्यपालांचा आदेश निघाला : प्रत्येक काउंटीत केंद्र एकच. शंभर माणसेही नसलेल्या लव्हिंग काउंटीला एक आणि हॅरिसलाही एक! कारण सुरक्षिततेचे दिले गेले आणि न्यायालयात आदेश टिकला. नियम सर्वांना सारखा, परंतु भार मात्र काठी टेकत निघालेल्या वृद्धावर.

ॲरिझोनातील नवाहो जनजातीच्या विरळ वस्त्यांत अनेक घरांपर्यंत टपाल पोचतच नाही. तरीही २०१६ च्या कायद्याने कुटुंबीय, घरातील व्यक्ती वा शुश्रूषा करणारे यांसारखे अपवाद वगळता दुसऱ्याची मतपत्रिका नेऊन देणे गुन्हा ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हा कायदा ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरला.

मग गैरप्रकाराची भीती निराधार आहे काय? मुळीच नाही. नॉर्थ कॅरोलिनात २०१८ साली संसदेच्या एका जागेवर ९०५ मतांची आघाडी दिसत होती. आघाडीवरील उमेदवाराच्या हस्तकाने माणसे नेमून घरोघरच्या मतपत्रिका गोळा केल्याचे उघड झाले. कित्येक लिफाफ्यांवर साक्षीदार म्हणून तीच ती नावे होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्याच्या निवडणूक मंडळाने फेरनिवडणुकीचा आदेश दिला. चोरी झाली ती परतीच्या वाटेवर, आणि पकडली गेली ती नोंदींमुळे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

विस्कॉन्सिनची कथा आणखी बोलकी आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मतपत्रिकांच्या रस्त्यावरील पेट्या ४ विरुद्ध ३ मतांनी बेकायदा ठरविल्या आणि २०२४ मध्ये पुन्हा ४ विरुद्ध ३ मतांनीच वैध ठरविल्या. मधल्या काळात न्यायालयातील बहुमत पालटले होते. तेथे न्यायाधीशही निवडून येतात. सामान्य मतदाराने विश्वास ठेवायचा तो कशावर?

आपल्याकडे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदानाचा पर्याय मिळाला. येथे मतदान पथकच मतदाराच्या दारी गेले आणि मतपत्रिका त्याच्याच हातून स्वीकारून परतले. परतीची वाट मतदाराच्या माथी राहिली नाही.

सोय आणि शुचिता यांत हाडवैर नाही. पेटी जवळ असावी, तिच्यावर पहारा असावा, प्रत्येक लिफाफ्याचा हिशेब असावा. आणि नियम निवडणुकीच्या तोंडावर नव्हे, तर कोण जिंकणार हे कोणालाच ठाऊक नसताना ठरावेत. पराभूत पक्षालाही ज्या मोजणीवर बोट ठेवता येत नाही, तीच लोकशाहीची खरी मिळकत होय.