माणसांच्या शाळेतला ॲटम

कवीला रेडिओवर बोलावलं की त्यानं कवितेवर बोलावं, असा रिवाज आहे. आज मी तो मोडणार आहे. मी बोलणार आहे कॉमिक्सवर, आणि तीही जपानी. पन्नाशी उलटलेला माणूस रात्री दिवा लावून चित्रांची पुस्तकं वाचतो म्हटल्यावर घरातली मंडळी हसतात. पाहुणे आले की ती पुस्तकं पुतण्याची आहेत, असं परस्पर सांगून टाकतात. पण पुस्तकं माझीच आहेत.

खरं तर आमच्या पिढीला हा नाद नवा नाही. ‘चांदोबा’ होता, ‘अमर चित्रकथा’ होती, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ होता. चार आणे भाडं भरून पुस्तक आणायचं आणि संध्याकाळपर्यंत ते पाच पोरांनी वाचून परत करायचं. पुढे १९९०च्या दशकात दूरदर्शनवर मोगली आला. गुलजारांचं शीर्षकगीत घरोघरी पाठ झालं. ती मालिका जपानमध्ये तयार झालेली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. म्हणजे जपानी चित्रमालिका आपण केव्हाच पाहिली होती, फक्त तिला ‘ॲनिमे’ म्हणतात हे माहीत नव्हतं. पडद्यावर हलते ती ॲनिमे, कागदावर छापतात ती मंगा. मंगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते. बऱ्याच इंग्रजी अनुवादांतही ती रीत तशीच ठेवतात. नव्या वाचकाला याचा त्रास होतो. मला झाला नाही, कारण घरात उर्दूची पुस्तकं होती आणि नजरेला तो रस्ता ठाऊक होता.

यातलं सगळंच चांगलं असतं, असा माझा दावा नाही. एकेक मारामारी दहा-दहा भाग चालते आणि नायक प्रत्येक वेळी मरता मरता वाचतो. पण या ढिगाऱ्यात काही गोष्टी अशा सापडतात की त्या मनातून जात नाहीत. त्यातल्या दोन आज सांगतो.

पहिली एका यंत्रमानवाची. यंत्रमानवाला जगभर ‘रोबो’ म्हणतात. हा शब्द आला चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून. त्यामागचा मूळ चेक शब्द आहे ‘रोबोटा’, म्हणजे आपल्याकडची वेठ. सक्तीनं करून घेतलेलं काम. थोडक्यात, ‘रोबो’ म्हणजे वेठबिगार. हा अर्थ कळला आणि मला साऱ्या विज्ञानकथा वेगळ्या दिसायला लागल्या.

जपानमध्ये ओसामु तेझुका नावाचे चित्रकार होऊन गेले. जन्म १९२८चा, मृत्यू १९८९चा. शिक्षण डॉक्टरकीचं, पण आयुष्यभर चित्रं काढली. भगवान बुद्धांच्या जीवनावर त्यांनी १९७२ ते १९८३ अशी तब्बल अकरा वर्षं चित्रकथा काढली. पण घराघरात पोचला तो त्यांचा ॲटम, बाहेरच्या जगातला ‘ॲस्ट्रो बॉय’. १९५२ साली एका मुलांच्या मासिकात त्याची कथा सुरू झाली. अमेरिकेचा लष्करी ताबा त्याच वर्षी संपला होता. हिरोशिमा-नागासाकीला सात वर्षंही झाली नव्हती, आणि या माणसानं आपल्या लाडक्या मुलाचं नाव अणूवरून ठेवलं.

कथा अशी. एका शास्त्रज्ञाचा मुलगा अपघातात मरतो. दुःखानं वेडापिसा झालेला बाप त्याच्यासारखाच यंत्राचा मुलगा घडवतो. पण हा मुलगा वाढत नाही. वाढदिवस येतात नि जातात, उंची तेवढीच. बाप चिडतो आणि त्याला सर्कशीला विकून टाकतो. पुढे एक दुसरे भले शास्त्रज्ञ त्याला तिथून सोडवतात, सांभाळतात. ॲटम माणसांच्या मुलांबरोबर शाळेत जायला लागतो. तो कुणापेक्षाही बलवान, कुणापेक्षाही सज्जन. गावावर संकट आलं की त्यालाच बोलावतात. संकट टळलं की पुन्हा प्रश्न उरतोच, की हा आपल्यातला म्हणायचा का? यंत्रमानवांना हक्क असावेत की नसावेत, हा वाद या मालिकेत पुन्हा पुन्हा येतो.

१ जानेवारी १९६३ पासून ॲटम जपानी टीव्हीवर दर आठवड्याला अर्धा तास दिसू लागला. पैसे कमी, वेळ त्याहून कमी. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. तेझुकांच्या मंडळींनी एकच चित्र तीन-तीन चौकटींना चालवलं, कुठे नुसते ओठ हलवले, कुठे चेहरा तसाच थांबू दिला. पुढच्या ॲनिमेला हेच वळण लागलं. काटकसरीतून आलेली ही युक्ती मला कवीच्या जातीची वाटते. थांबलेल्या चेहऱ्याच्या त्या मोठ्या डोळ्यांकडे आपण बघत राहतो आणि उरलेलं मनात भरतो.

ॲटम मला इतका जवळचा का वाटतो, हे सांगायला हवं. आमच्या घरात दख्खनी बोलतात. शाळा मराठी होती. कविता सुचली ती मराठीत, आणि चाळीस वर्षं मराठीतच सुचते आहे. तरी एखाद्या कार्यक्रमात माझं नाव पुकारलं जातं, मी कविता वाचतो, आणि नंतर कुणीतरी प्रेमानं हात हातात घेऊन म्हणतं, “तुम्ही मराठी किती छान बोलता हो!” त्यात वाईट हेतू नसतो. मीही हसून आभार मानतो. पण शेजारी बसलेल्या जोशी किंवा पाटील आडनावाच्या कवीला हे कौतुक कधी मिळत नाही. ॲटमलाही वर्गात अशीच शाबासकी मिळत असणार, की अरे, तू अगदी माणसासारखा वागतोस!

नावाचंच निघालं म्हणून सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. मागाहून कळलं की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं. नाव इतकं मोठं, की परीक्षक कथेऐवजी नावच वाचतील, अशी शंका त्यांना आली असावी. २०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा मला ही गोष्ट पुन्हा आठवली. काही नावांचं वजन मोठेपणाचं असतं, काहींचं वेगळ्या कारणानं. दोन्हींत कथा बाजूला राहते.

विज्ञानकथा नेमकं हेच करते, असं मला वाटतं. ती प्रश्नावरचं नाव काढून घेते. यंत्रमानवाची जात विचारता येत नाही, धर्म विचारता येत नाही. त्यामुळे वाचक सावध होत नाही. तो बेसावधपणे ॲटमच्या बाजूनं उभा राहतो आणि मग आपण कुठे उभे आहोत ते त्याच्या लक्षात येतं.

दुसरी गोष्ट मात्र नावं घेऊनच सांगितलेली आहे. ‘अनवाणी गेन’ ही चित्रकथा केइजी नाकाझावा यांनी १९७३ साली लहान मुलांच्या साप्ताहिकात सुरू केली. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर बॉम्ब पडला, तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीआड होते म्हणून वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. त्याच दिवशी आई बाळंत झाली, ते बाळही फार दिवस जगलं नाही. १९६६ साली आई वारली. दहनानंतर पाहिलं तर अस्थी म्हणून हाती धरावं असं काही उरलंच नव्हतं, नुसती राख. बॉम्बनं आईची हाडंसुद्धा नेली, या संतापातून ते या विषयाकडे वळले.

गेनचे वडील लाकडी खडावांवर रंगकाम करणारे कारागीर. हे युद्ध चूक आहे, असं ते उघड बोलतात. झालं! सारी आळी त्यांना देशद्रोही ठरवते, मुलांची छळणूक होते. अशा वेळी या घराशी माणुसकीनं वागतात ते शेजारचे पाक, एक कोरियन गृहस्थ. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि कित्येक कोरियन माणसं सक्तीच्या मजुरीला आणलेली होती. पुन्हा तीच वेठ. नाकाझावांचा रोष बॉम्ब टाकणाऱ्यांवर आहेच, पण शेजाऱ्याला देशद्रोही म्हणणाऱ्या आपल्या माणसांनाही ते सोडत नाहीत. एवढं दुःख भोगलेल्या माणसाला हे सांगायला किती बळ लागलं असेल!

असं पुस्तक सगळ्यांना सोसत नाही. २०१२च्या डिसेंबरात मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळानं शाळांना सांगितलं की हे पुस्तक मुलांच्या हाती सहज लागेल असं ठेवू नका. जपानी सैन्याच्या अत्याचारांची त्यातली काही चित्रं त्यांना खटकली होती. त्याच महिन्यात नाकाझावा वारले. पुढच्या ऑगस्टमध्ये बभ्रा झाला आणि मंडळाला तो आदेश मागे घ्यावा लागला. २०२३ साली खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळानं शांतता-शिक्षणाच्या पाठांतून ‘गेन’ वगळला.

आपल्याकडची मुलं आज ॲनिमे भरपूर पाहतात. पालक तक्रार करतात आणि त्यातलं थोडं खरंही आहे. पण मुलांच्या हातून पुस्तक काढून घेण्याआधी ते कोणतं आहे, एवढं बघा. जमलं तर शेजारी बसा. ‘यातून काय शिकलास?’ असं मात्र विचारू नका. त्या प्रश्नानं चांगली चांगली पुस्तकं मेली आहेत. त्यापेक्षा विचारा, यातला तुला कोण आवडला आणि बाकीचे त्याच्याशी कसे वागले? मूल जे सांगेल ते नीट ऐका. कदाचित ते ॲटमविषयी बोलेल, कदाचित पाकविषयी, आणि कदाचित वर्गात आपल्या शेजारी बसणाऱ्या कुणाविषयी.