शिंगूच्या काठी अरण्याची पेरणी



ब्राझीलमधील मातो ग्रोसो राज्यात उगम पावणारी शिंगू नदी उत्तरेकडे वाहत जाऊन अॅमेझॉनला मिळते. तिच्या वरच्या खोऱ्यातील सुमारे २६ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश त्या देशाच्या शासनाने १९६१ साली आदिवासींसाठी राखून ठेवला. व्हिलास-बोआस बंधूंनी त्याकरिता अविश्रांत खटपट केली होती. आज तेथे सोळा जमाती नांदत आहेत.

परंतु नदीचे उगम या सीमेबाहेर राहिले, आणि पुढील संकटाचे मूळ येथेच होते. १९७० नंतर त्या भागात रस्ते आले, पाठोपाठ गुरांची कुरणे आणि मग सोयाबीनची अफाट शेते आली. ओढ्यांचे काठ उघडे पडले, माती पात्रात उतरली. मासळी हेच ज्यांचे मुख्य अन्न, त्यांना गढूळ पाण्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. सभोवार उष्मा वाढला आणि २०१० च्या दुष्काळात राखीव अरण्यातही मोठे वणवे पेटले.

२००४ साली आदिवासी, जमीनमालक, संशोधक व स्वयंसेवी संस्था यांनी मिळून 'इ इकातू शिंगू' ही मोहीम आरंभिली. कामायुरा भाषेत याचा अर्थ शिंगूचे चांगले पाणी. सर्वजण एकदिलाने आले असे मात्र समजू नये. आदिवासींना पाणी हवे होते. नदीकाठी वृक्षराजी राखण्याचे कायद्याचे बंधन मालकांच्या मानेवर होते. दोघांनाही बियाणे लागणार होते, आणि कोणता वृक्ष केव्हा फळतो याचे ज्ञान रानातल्या माणसांपाशी होते. यातूनच २००७ साली शिंगू बीज-जाळे उभे राहिले. आदिवासींबरोबर लहान शेतकरी कुटुंबेही बी गोळा करतात, वाळवतात, निवडतात. मागणीप्रमाणे त्याची विक्री होऊन पैसा संकलकांच्या हाती पडतो. इकपेंग जमातीच्या स्त्रियांनी आपल्या गटाला पाने तोडून वाहणाऱ्या मुंगीचे नाव घेतले आहे. डोक्यावर ओझे घेऊन रांगेने चालणाऱ्या त्या स्त्रियांना ते शोभते.

पेरणीची रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. रोपवाटिकेतील रोपे दूरवर वाहून नेणे खर्चाचे. म्हणून अनेक जातींचे बी वाळूत कालवून ते पावसाच्या आरंभी थेट जमिनीत टाकतात. या मिश्रणाला 'मुव्हुका' म्हणतात. कित्येकदा सोयाबीन पेरणारे यंत्रच त्या कामी लावले जाते! मिश्रणात ताग व तूरही असते. आपल्या शेतकऱ्याच्या घरची ही तूर तेथे परक्या चराऊ गवतावर सावली धरते, दोन-तीन वर्षांत आपले आयुष्य संपवते आणि तिच्या आडोशाला झटपट वाढणारी झाडे उभी राहतात. त्यांच्याखाली दीर्घायुषी वृक्ष सावकाश वर येतात.

या उपक्रमाचे दुबळे अंग कायद्याशी निगडित आहे. २०१२ च्या नव्या वनकायद्याने २००८ पूर्वीच्या वृक्षतोडीस बरीच सूट दिली. जमीनमालकाला काठ पुन्हा लावण्याची सक्ती जितकी कमी, तितकी बियाण्याची मागणीही कमी. आणि जंगलात हिंडून मिळवलेले बी घरात फार काळ टिकत नाही. काही जातींचे बी तर थोड्याच दिवसांत उगवणशक्ती गमावते. म्हणून मागणी आधी नोंदवून घेऊन मगच संकलनाची वाटणी गावोगाव ठरविली जाते.