रोजची एक ओवी

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आम्ही काही कीर्तनकार नाही, प्रवचनकारही नाही. संध्याकाळी हरिपाठ आटोपला की ओटीवर बसून पोथी वाचणारी वाडीतली आठ-दहा माणसं आहोत. समितीनं सांगितलं, ‘तुम्ही रोज वाचता, त्यातून काय मिळालं ते चार शब्दांत सांगा.’ म्हणून आठ-दहा जणांच्या वतीनं हे बोलणं. शास्त्रार्थ इथे मिळणार नाही. वाचलेलं दिवसभरात कुठे उपयोगी पडतं, आणि कुठे आपण त्याला पडू देत नाही, एवढंच सांगायचं आहे.

आपल्या वारकऱ्याला वाचन नवं नाही. हरिपाठाचे २७ अभंग बहुतेकांना पाठ. गाथा आहे, नाथांचं भागवत आहे आणि माऊलींची ज्ञानेश्वरी तर आहेच. शके १२१२ मध्ये नेवाशाला माऊलींनी ती सांगितली. पुढे हातानं नकलून घेता घेता पोथीत चुका शिरल्या, तेव्हा शके १५०६ मध्ये नाथ महाराजांनी पोथी शुद्ध करून दिली. पोथी शुद्ध झाली, मंडळी. वाचणारा शुद्ध करायचं काम मात्र ज्याचं त्यालाच करावं लागतं.

सप्ताहात आपण सात दिवसांत सगळी ज्ञानेश्वरी वाचतो. पारायण व्हायलाच हवं, त्यानं गाव एकत्र येतो, पोरांच्या कानावर शब्द पडतात. पण सुमारे ९ हजार ओव्या सात दिवसांत म्हणजे दिवसाला तेराशेच्या आसपास. त्यात ओवी जिभेवरून जाते, आत उतरायला तिला वेळ मिळत नाही. सप्ताह संपला, काला झाला, महाप्रसाद झाला, की पोथी रुमालात. पुढच्या सप्ताहापर्यंत तिची-आपली गाठ नाही. मधल्या एवढ्या दिवसांचं काय?

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, पावसला मिळालं. स्वामी स्वरूपानंद पावसचेच. १९०३ साली जन्म, १९७४ साली समाधी. तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले, पुढे मोठ्या आजारातून उठले आणि सुमारे ४० वर्षं पावसच्या एकाच घरात राहिले. त्यांची परंपरा नाथपंथाची, आपली वारकऱ्यांची. पण माऊलींचे गुरू निवृत्तिनाथच, तेव्हा दोन्ही वाटा एकाच उंबऱ्याशी येतात. जुन्या ओवीची भाषा साध्या माणसाला जड जाते, म्हणून स्वामींनी सोपी ‘अभंग ज्ञानेश्वरी’ लिहिली. आणि ज्याला तेवढंही जमत नाही त्याच्यासाठी ज्ञानेश्वरीतल्या १०९ ओव्या निवडून नित्यपाठ करून दिला. विचार करा, ९ हजारांतून १०९! प्रपंचातल्या माणसाच्या हातात वेळ किती, हे त्यांना ठाऊक होतं.

आम्ही तिथूनच धडा घेतला. आमची रीत साधी आहे. हरिपाठ झाला की एकच ओवी. एकानं तीनदा वाचायची. मग ज्याला कळली त्यानं आपल्या वाडीच्या भाषेत सांगायची. ज्यांना अक्षर येत नाही अशा दोन आजी आहेत, त्या ऐकतात, आणि बहुतेक वेळा अर्थ त्याच बरोबर सांगतात. उठताना प्रत्येकानं मनात धरायचं, उद्या ही ओवी कुठे भेटते बघू. दुसऱ्या दिवशी बसल्यावर आधी पाच मिनिटं त्याचं बोलायचं. नियम एकच, पण कडक: ओवी दुसऱ्यावर रोखायची नाही. ‘हे अमक्यानं ऐकायला हवं होतं’ असं कुणी म्हणालं, की त्या दिवशी त्याची पाळी गेली.

आता उदाहरणं सांगतो, नाहीतर हे नुसतं बोलणं होईल.

तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं आहेत. त्यात माऊली अहिंसेवर फार वेळ थांबतात. आणि सांगतात कशी? तात्त्विक व्याख्या बाजूला ठेवून अहिंसा त्या माणसाच्या अंगावर दाखवतात. आधी तो चालतो कसा ते, मग बोलतो कसा, मग बघतो कसा, मग त्याचे हात काय करतात ते. शेवटी मन. आम्हाला वाटायचं अहिंसा म्हणजे मासळी-मटण सोडणं. माळ घातली की झालं. माऊली म्हणतात तसं बघितलं, तर माळेनंतरच खरं काम सुरू होतं.

आपला मुलूख समुद्राकाठचा. घरात एकानं माळ घातली, बाकीचे मासे खाणारे, असं घरोघरी आहे. मग दोन चुली, दोन भांडी, आणि रोजची कुरबुर. आमच्यातला एक माळकरी घरच्या सुनेला रोज टाकून बोलायचा, ‘बाटवलंत सगळं’. वाचेची अहिंसा ज्या आठवड्यात वाचली, त्या आठवड्यात त्यानं आपणहून सांगितलं, ‘बारा वर्षं मी मासा मारला नाही, पण सुनेचं मन रोज मारतो.’ तेव्हापासून तो आपलं ताट आपण वाढून घेतो आणि जेवताना बोलत नाही. सुनेनं माळ घातलेली नाही, घालावी असा आग्रहही नाही. पण आता एकादशीची साबुदाण्याची खिचडी तीच करते, न सांगता.

दुसरं उदाहरण बागेचं. अठराव्या अध्यायात माऊली सांगतात, आपल्या वाट्याला आलेलं काम हीच फुलं, ती देवाला वाहिली की पूजा झाली. ऐकायला गोड आहे. पण रत्नागिरीत काम म्हणजे आंबा. एप्रिलात भाव, मे उजाडला की भाव पडतो. अढीत आंबा आपल्या चालीनं पिकतो, बाजार थांबत नाही. मग कुणीतरी कार्बाईडची पुडी आणून देतो, बंदी असली तरी. पेटी भरताना वरच्या थराला मोठी फळं, खालच्या थराला बारकी. दुसरीकडचा आंबा आणून पेटीवर रत्नागिरीचं नाव. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या नावाला सरकारनंही मान दिला. ते नाव आपणच खोटं पाडायचं, आणि संध्याकाळी ‘कर्म हीच पूजा’ वाचायचं?

आमच्यातल्या एका बागायतदाराला कुणी काही बोललं नाही. तो स्वतःच म्हणाला, ‘ज्या फुलाची खालची बाजू कुजकी, ते मी विठोबाला वाहीन काय?’ त्या वर्षापासून त्याच्या पेटीत वरचा थर आणि खालचा थर सारखा. पहिल्या वर्षी पैसे कमी आले, हे त्यानं लपवलं नाही. दुसऱ्या वर्षी काही गिऱ्हाइकं थेट घरी फोन करू लागली. सगळं नुकसान भरून निघालं असं नाही. नाम घेतलं म्हणून धंद्यात बरकत येते, असलं काही आम्ही सांगणार नाही. रात्री पोथी उघडताना त्याचा हात अडत नाही, हीच त्याची कमाई.

आता तिसरी गोष्ट, जी सांगावी की नाही यावर आमच्यात दोन बैठका झाल्या. शेवटी ज्यांची गोष्ट त्यांनीच ‘सांगा’ म्हटलं. नावगाव विचारू नका. अशा वाड्या जिल्ह्यात शोधाव्या लागत नाहीत.

दोन सख्खे भाऊ. थोरल्याच्या गळ्यात वीणा, धाकट्याच्या गळ्यात पखवाज. सातबारा सामाईक. मधला गडगा हातभर सरकला, कुणी सरकवला हे देवाला ठाऊक. पाणंद काट्या लावून बंद झाली, कज्जा कोर्टात गेला. आषाढीला आपल्याकडे लावणी, म्हणून आपल्यातल्या पुष्कळांची वारी कार्तिकी-माघीची. त्या वारीत हे दोघे एकाच दिंडीत चालत. वारकऱ्याची रीत म्हणून थोरला धाकट्याच्या पाया पडे, धाकटा थोरल्याच्या. आणि घरी आले की एक समोरून आला तर दुसरा तोंड फिरवून गडग्याकडे बघे. पंढरीच्या वाटेवर ज्याच्या पायावर डोकं, त्याचंच वाडीत तोंड बघायचं नाही!

त्या दिवसांत दृष्टीची अहिंसा सांगणाऱ्या ओव्या चालू होत्या. नुसत्या नजरेनंही कुणी दुखावू नये, असा त्यांचा भाव. नियमाप्रमाणे कुणी कुणाकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी धाकटा म्हणाला, ‘ओवी लागू पडली नाही. भाऊ भेटला, माझी मान वर झाली नाही.’ तिसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. थोरला तिथेच बसलेला असे, पण बोलत नसे. ओव्या पुढे सरकल्या, धाकट्याची ओवी तिथेच अडकलेली.

पुढे श्रावणात धाकट्याची बायको रात्री एकाएकी आजारी पडली. रस्त्यावर रिक्षा आणायला तीच बंद पाणंद जवळची. भर पावसात कंदील घेऊन थोरला आला आणि त्यानं स्वतःच्या हातानं काट्या उपसल्या. एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ओटीवर बसल्यावर एवढंच म्हणाला, ‘काल हातांची ओवी झाली.’

कज्जा अजून कोर्टात आहे. गडगा आहे तिथेच आहे. पण पाणंद उघडी आहे, आणि पोरं त्या वाटेनं शाळेत जातात. पसायदानात माऊली दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा जावा एवढंच मागतात. आपल्याला वाटतं ते दुष्ट म्हणजे दुसरे कुणीतरी. या दोन भावांनी ते मागणं आपल्या घरापुरतं खरं केलं.

काही जण विचारतात, नाम पुरेसं असताना हे वाचन कशाला? बरोबर आहे, नामापुढे काही नाही. पण नाम घेणारी जीभ दिवसभर आणखी काय काय बोलते, हे दाखवायला पोथी लागते. काही म्हणतात वेळ नाही. एका ओवीला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागतो. मुंबईचे आमचे चाकरमानी लोकलमध्ये उभ्यानं वाचतात आणि रात्री फोनवर गावच्या बैठकीत भाग घेतात. काही म्हणतात अर्थ कळत नाही. नाही कळला तर तीच ओवी दुसऱ्या दिवशी परत वाचावी. ओढून-ताणून अर्थ लावू नये, आणि आपल्या सोयीचा तर मुळीच लावू नये.

रोज थोडं वाचून त्याप्रमाणे वागून बघणं, ही आपल्याच घरची मिरास आहे असं मात्र कुणी समजू नये. याच जिल्ह्यातल्या करजगावला जन्मलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. बायबल वाचता वाचता ते ख्रिस्ताकडे गेले, १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, हे ते मोकळेपणानं सांगत. शेजारच्या मोहल्ल्यात पहाटे कुराण वाचलं जातं, चर्चमध्ये बायबल. ज्याचा ग्रंथ त्याला. पण सकाळी वाचलेलं संध्याकाळपर्यंत टिकलं का, हा प्रश्न सगळ्यांना सारखाच आहे.

शेवटी एक हिशेब सांगतो आणि थांबतो. रोज एक ओवी वाचली तर सगळी ज्ञानेश्वरी व्हायला सुमारे २५ वर्षं लागतात. म्हणजे आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांत अशी चार वाचनं झाली असती. आज जे मूल आईच्या कडेवर आहे, ते पंचविशीत येईल तेव्हा एक वाचन पुरं होईल. आमच्यातले निम्मे तोवर नसतील. म्हणून आज सुरुवात करून पुढच्याच्या हाती पोथी देऊन जायचं आहे. जसा वीणा आपण खाली ठेवत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात देतो, तसंच हे.

शतकपूर्तीचा संकल्प म्हणून आमची हात जोडून विनंती एवढीच. प्रत्येक वाडीत एक ओटी, एक दिवा, एक ओवी. आणि दुसऱ्या दिवशी पोथी उघडायच्या आधी एक प्रश्न: कालची कुठे भेटली?

बोलण्यात कमी-जास्त झालं असेल ते पदरात घ्यावं. रामकृष्णहरि.