गांठीभोंवतालची वीण

सोलापूरच्या मागावर उतरलेलें एक कापड मऊ असतें, तर त्याच सुताचें दुसरें ताठ. फरक विणीचा आणि खळीचा. मनुष्यदेहांतहि असेंच एक वस्त्र आहे. पेशींच्या भोंवतीं कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचे तंतु विणलेले असतात. निरोगी मोठ्या आंतड्यांत ही वीण मऊ व लवचिक असते.

कर्करोगाची गांठ वाढूं लागली म्हणजे शेजारच्या तंतुनिर्मात्या पेशी चेतवल्या जातात. त्या अधिक कोलॅजेन निर्माण करतात. लायसिल ऑक्सिडेज नांवाचें विकर त्या तंतूंना परस्परांशीं टांके घालून जखडतें, आणि भोंवतालचा भाग कठिण होतो. हा कठिणपणा म्हणजे रोगाचा केवळ परिणाम, अशी पूर्वीं समजूत होती. अमेरिकेंत डॉ. व्हॅलरी वीव्हर व त्यांचे सहकारी यांनीं स्तनाच्या पेशींवर व उंदरांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २००५ व २००९ सालीं प्रसिद्ध झाले, आणि ती समजूत पालटली. कठिण पृष्ठावर पेशी बेबंद वागूं लागल्या; उलट, टांके घालणारें विकर रोखतांच गांठींची वाढ मंदावली. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांतहि हेंच सूत्र प्रयोगशाळांतून दिसून आलें आहे. पेशी आपल्या पृष्ठावरील इंटेग्रिन प्रथिनांनीं भोंवतालचा ताण जणूं चांचपून पाहते. तो संदेश केंद्रकापर्यंत पोंचतो आणि वाढीस व स्थलांतरास चालना मिळते. शिवाय ताठ वेष्टनांत रक्तवाहिन्या दबल्यामुळें औषध गांठीच्या गाभ्यापर्यंत नीट जात नाहीं.

मग सारी वीण उसवावी काय? तसें नव्हे. स्वादुपिंडाच्या कर्करोगांत उंदरांतील तंतुनिर्मात्या पेशी नष्ट करतांच रोग अधिक उग्र झाला, असें २०१४ सालीं आढळलें. तेव्हां उपाय जपूनच शोधला पाहिजे.

तोंवर हातांत आहे तें वेळेवर निदान. याच जिल्ह्यांतील बार्शी येथें १९८७ सालीं भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तेथील कार्यकर्त्यांनीं गांवोगांवीं सभा घेऊन लक्षणें समजावून दिलीं, संशयितांना तपासणीस आणलें. परिणामीं गर्भाशयमुखाचा कर्करोग आरंभींच्या अवस्थेंत उघडकीस येण्याचें प्रमाण वाढलें. मोठ्या आंतड्याच्या बाबतींतहि हाच धडा आहे. शौचावाटे रक्त पडणें, शौचाची संवय कित्येक आठवडे बदललेली राहणें, अकारण अशक्तपणा येणें, हीं लक्षणें मूळव्याधीचीं समजून पुष्कळ घरांतून दडवलीं जातात. गुदाशयांतील गांठ पुष्कळदां डॉक्टरांच्या बोटासच तिच्या कठिणपणावरून कळते. त्या दोन मिनिटांच्या तपासणीस संकोचापायीं नकार देऊं नये. घरांतील वडील मंडळींनाहि देऊं देऊं नये.